मँचेस्टरला पत्र किती दिवसांत जातं

परभणीहून मँचेस्टर किती लांब, हे मला सगळ्यात आधी विचारलं ते आमच्या दूधवालीनं. ती रोज सकाळी शेजारच्या खेड्यातून डोक्यावर चरवी घेऊन यायची आणि दूध मापता मापता जगाची चौकशी करायची. माझा नवरा विलायतेला आहे एवढं तिला ठाऊक होतं. विलायत म्हणजे हैद्राबादच्या पुढचं एखादं मोठं गाव असावं, असा तिचा अंदाज.

"बाईसाब, लय लांब हाय का वो ते? हैद्राबादच्या पल्याड?"

"पल्याडच म्हणायचं," मी म्हटलं. "सव्वादोन हजार कोस."

"गाडीबैलानं किती दिस?"

मी मनातल्या मनात भागाकार केला. बैलगाडी दिवसाला दहा कोस तोडते असं धरलं आणि वाटेतला समुद्र सोडून दिला, तर सात-आठ महिने. तसं सांगितल्यावर ती हसली.

"मंग काय लय न्हाई. पोटुशी बाई बाळंत व्हायच्या आत पोचत्याल की मालक."

बोलून गेली, आणि मग माझ्याकडं बघून तिचं तिलाच कसंनुसं झालं. त्या दिवशी तिनं माझ्या पातेल्यात अर्धं माप जास्त ओतलं.

सव्वादोन हजार कोस हा आकडा माझा स्वतःचा होता, कुणी सांगितलेला नव्हे. माझे वडील ताडकळसला शाळामास्तर. मुलीला शिकवून काय करायचं, असं गाव म्हणायचं. ते म्हणायचे, निदान आपण कुठं आहोत एवढं तरी तिला कळू दे. लग्नात त्यांनी रुखवतावर जुना, पाठ उसवलेला नकाशांचा एक एटलस ठेवला होता. सासूबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हे कशात घालून खायचं?" नवऱ्याचं विलायतेला जायचं ठरेपर्यंत त्या एटलसावर पापड वाळायचे. नंतर मी तो झटकून खोलीत नेला. परभणी त्यात नव्हतीच. हैद्राबाद होतं, मनमाड होतं, मधली जागा नुसती पिवळी होती. मी सुईच्या टोकानं तिथं एक टिंब पाडलं, शिवणाचा दोरा टिंबावर धरून मँचेस्टरपर्यंत ताणला आणि कोपऱ्यातल्या मोजपट्टीवर मैल मोजले. साडेचार हजार आले. नकाशा चपटा आणि पृथ्वी गोल, तेव्हा त्यात चूक असणार हे मला कळत होतं. पण एवढ्या मोठ्या आकड्यात शंभर मैल इकडंतिकडं झाले तर मला काय फरक पडणार होता?

नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही, इथंही घेणार नाही. आमच्यात नवऱ्याला 'हे' म्हणतात. तर हे लग्नानंतर तीन वर्षांनी मँचेस्टरला गेले, सूतकताईचं आणि गिरणीच्या यंत्रांचं शिकायला. परभणीच्या आसपास कापूस मुबलक, सरकी काढायचे कारखाने होते. शिकून आलो की इथंच गिरणी उभी करू, असं त्यांच्या डोक्यात होतं. जाताना बोटीनं गेले. तीन आठवडे लागले. मी तेव्हा सतरा वर्षांची होते.

पत्रं मात्र उडत यायला लागली. यांनी एकदा सगळा रस्ताच लिहून पाठवला होता. मँचेस्टरहून आगगाडीनं खाली समुद्रकाठी. तिथून विमान. ते विमान जमिनीवर नाही, पाण्यावर उतरतं, बदकासारखं. मग अलेक्झांड्रिया, बसरा आणि कराची. कराचीहून मुंबई, मुंबईहून मनमाड आणि मनमाडहून आपली निजामाची छोटी गाडी. सगळं मिळून नऊ-दहा दिवस. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची गोष्ट मी सासूबाईंना सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "थापा मारायची सवय त्याची लहानपणापासूनची." त्याच पत्रात यांनी लिहिलं होतं की तुम्ही दुपारी जेवायला बसता तेव्हा मी नुकता उठलेला असतो. हे वाचल्यापासून माझं जेवण बिघडलं. पुढ्यात ताट आलं की वाटायचं, आता उठले असतील. मी दिवा लावायचे तेव्हा त्यांची दुपार चाललेली असायची. एका घरात राहणाऱ्या माणसांच्या सुद्धा वेळा जमत नाहीत, पण ती निदान एकमेकांना हाक तरी मारू शकतात.

पत्रांचा आमच्या घरचा रिवाज असा होता. माझे सासरे, मामंजी, वकील होते. दर महिन्याला ते एक लांबलचक पत्र लिहीत, त्यात सासूबाईंचा मजकूर घालीत आणि मग मला हाक मारून विचारीत, "सूनबाई, तुमची चिठ्ठी?" मी माझी चिठ्ठी घडी करून देई. ती ते उघडत नसत, पण पाकीट बंद करेपर्यंत ती बैठकीच्या मेजावर सगळ्यांसमोर पडलेली असे, आणि सासूबाईंना अक्षरओळख नसली तरी कागदाची जाडी कळत होती. "एवढं काय लिहायलीस? घरात काय कमी हाय का त्याला कळवायला?" म्हणून माझ्या चिठ्ठ्या नेहमी चार ओळींच्या. इकडील सर्व क्षेम. तब्येतीस जपावे. तीन वर्षं मी नवऱ्याशी हे एवढंच बोलले.

यांचंही तसंच. मामंजींच्या पाकिटात माझ्यासाठी घडी घातलेला एक कपटा असायचा. त्या आषाढात मात्र कपटा नव्हता, चांगला मोठा कागद होता. शिक्षण संपलं होतं, दिवाळीच्या आत परत यायचं ठरलेलं होतं. कागदावर लिहिलं होतं: इथल्या एका गिरणीत दोन वर्षांची नोकरी देऊ करताहेत. राहायचं की यायचं ते मला ऑगस्ट संपायच्या आत सांगायचंय. दादांना (म्हणजे मामंजींना) अजून कळवलेलं नाही. तुझ्या मनात काय आहे ते आधी लिही.

मी तो कागद किती वेळा वाचला ते सांगत नाही, लाज वाटते. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि मला काय वाटतं हे कुणीतरी पहिल्यांदा विचारलं होतं. कोणत्या लुगड्याला कोणता काठ, एवढं सुद्धा त्या घरात मला कुणी विचारलेलं नव्हतं.

उत्तर मामंजींच्या पाकिटातून पाठवायचं म्हणजे पुढच्या महिन्याची वाट बघायची, आणि मेजावर पडलेली चिठ्ठी सासूबाईंनी बोटांनी चाचपायची. ते नको होतं. मी ठरवलं, आपण स्वतः टाकायचं. आठवडाभर मी लिहीत होते आणि चुलीत घालत होते. पहिल्या कागदावर रुसवा होता, दुसऱ्यावर उपदेश, तिसऱ्यावर मी इतकी शहाणी झाले होते की 'आपल्या भवितव्यास जे हितकर' असलं काहीतरी लिहून बसले होते. ते वाचून माझं मलाच हसू आलं. शेवटी एकच शब्द लिहिला: या.

पाकिटावर नाव लिहायचं आलं तेव्हा हात थांबला. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही हे ठाऊक होतं, लिहायचं की नाही हे कुणी सांगितलेलं नव्हतं. पण पत्ता इंग्रजीत होता आणि मला इंग्रजी येत नव्हतं. यांच्या पाकिटाच्या पाठीवर जसा होता तसा मी तो रांगोळी काढावी तसा उतरवून काढला, एकेक वळण बघून. कोणतं अक्षर नावातलं आणि कोणतं गावातलं हे मला कळत नव्हतं, म्हणून पापही लागलं नाही असं मी मनाशी धरलं. पाठीमागं आमचा पत्ता मराठीत घातला.

तिकिटं मामंजींच्या मेजाच्या खणात असत. तालुक्याच्या कचेऱ्यांना त्यांची पत्रं सारखी जायची. चारमिनारचं चित्र असलेली ती तिकिटं मी लहानपणापासून बघत आले होते. ताडकळसच्या वडिलांच्या पत्रांवर तीच, मावशीच्या सोनपेठच्या पत्रांवर तीच. किती लावायची ते माहीत नव्हतं. उडत जायचं आहे, कमी नको पडायला, म्हणून अख्खी ओळ फाडून लावली. पाकीट चारमिनारांनी भरून गेलं. दुसऱ्या दिवशी देवळात जाताना पदराखाली धरून नेलं आणि डाकखान्याच्या पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज आला तेव्हा मला एकदम हलकं वाटलं.

मग मी त्या पत्राबरोबर निघाले. दुसरा कुठला उद्योगच उरला नाही. पहिल्या दिवशी ते मनमाडला पोचलं. तिसऱ्या दिवशी मी हरभरे भिजत घातले आणि ते मुंबईहून कराचीला उडालं. पाचव्या दिवशी ते बसऱ्याला होतं. त्या दिवशी शुक्रवार होता, आमच्याकडं जिवतीची पूजा होती, पुरण वाटता वाटता मी एटलस आठवत होते. सासूबाई म्हणाल्या, "हात कुठं हाय, ध्यान कुठं हाय?" ध्यान वाळवंटावर होतं. आठव्या दिवशी ते पाण्यावर उतरलं. दहाव्या दिवशी दुपारी मी ताटावर बसले आणि म्हटलं, आता उठले असतील आणि पत्र हातात पडलं असेल. त्या दिवशी मी पोटभर जेवले. अकराव्या दिवसापासून मी उत्तराला तिकडून निघायला लावलं.

एकोणिसाव्या दिवशी डाकवाला आला. मी दाराआड उभी होते. मामंजींनी त्याच्या हातून टपाल घेतलं आणि एक पाकीट बाजूला काढून बराच वेळ बघत राहिले. मला लांबूनच चारमिनार दिसले. यांच्या नावावरून, मी इतक्या निगुतीनं काढलेल्या वळणांवरून, कुणीतरी तांबड्या शाईनं उर्दूत काहीतरी लिहिलेलं होतं. ते मला वाचता येत नव्हतं. एका पाकिटावर इंग्रजी आणि उर्दू, आणि मधे मी.

"सूनबाई," मामंजींनी हाक मारली. आवाज चढलेला नव्हता. "हे तुम्ही टाकलं होतं?"

मी मान हलवली.

"वापस आलंय. हे आपल्या रियासतीचं तिकीट. हद्दीच्या बाहेर याला कुणी विचारत नाही. बाहेरच्या टपालाला इंग्रजी तिकीट लागतं, मी स्टेशनावरून घेत असतो. तुम्हाला कसं ठाऊक असणार?"

मला कसं ठाऊक असणार. सव्वादोन हजार कोस मी दोऱ्यानं मोजले होते, बसरा आणि अलेक्झांड्रिया मला पाठ होतं, आणि मुघलाईची, म्हणजे निजामाच्या मुलखाची, वेस ओलांडायला वेगळं तिकीट लागतं हे मला माहीत नव्हतं. जे पत्र मी वाळवंटावरून उडवत नेत होते ते इथल्याच कुठल्यातरी मेजावर पडून होतं. एवढी मूर्ख मी आयुष्यात पुन्हा कधी ठरले नाही.

मामंजींनी पाकीट न उघडता माझ्या हातात दिलं. आत काय आहे हे विचारलं नाही. हे मी त्यांच्या बाजूनं सांगून ठेवते, कारण पुढं त्यांच्याविषयी लोक पुष्कळ बोलले. मग म्हणाले, "इंग्रजी तिकीट लावून उद्या टाकून देऊ?"

ऑगस्ट संपायला सात दिवस उरले होते. पत्राला दहा लागत. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि काय समजायचं ते समजले.

"निकडीचं आहे का? तार करू. स्टेशनावर तारघर आहे, उद्या मिळेल त्याला. काय लिहायचं ते फक्त सांगा."

एक शब्द सांगायचा होता. तो मामंजी कागदावर लिहिणार, स्टेशनावरचा तारबाबू वाचणार, आणि संध्याकाळपर्यंत परभणीला कळणार की वकिलांच्या सुनेनं नवऱ्याला तार करून बोलावून घेतलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. माझ्या जिभेवर तो शब्द होता. अगदी पुढं येऊन थांबला होता.

"काही नाही," मी म्हटलं. "सहज लिहिलं होतं."

"बघा बुवा," मामंजी म्हणाले, आणि उरलेलं टपाल उचलून बैठकीत गेले.

मला अजूनही वाटतं, ते मला आणखी एकदा विचारतील म्हणून मी तिथं थांबले होते. कुणी विचारलं नाही. सासूबाईंनी विचारलं ते एवढंच, की भाजी चिरून झाली का.

आठवडाभरात लढाई लागली. महिन्याभरानं यांचं पत्र आलं, मामंजींच्या नावानं, की नोकरी घेतली आहे. माझ्या कपट्यावर लिहिलं होतं: तुझं काही आलं नाही, तेव्हा तुझी हरकत नाही असं समजलो. मी त्यावर काय लिहिणार? पुढच्या महिन्यात मेजावर चिठ्ठी ठेवली. इकडील सर्व क्षेम. पुढच्या उन्हाळ्यानंतर उडती पत्रं बंद झाली. टपाल आफ्रिकेला वळसा घालून बोटीनं यायला लागलं, तीन-तीन महिन्यांनी, कुणीतरी उघडून वाचून परत चिकटवलेलं. दोन वर्षांची नोकरी संपली तेव्हा यायला बोट नव्हती. नंतर बोटी होत्या पण बुडत होत्या. मामंजी त्या काळात गेले. मुलाला कळेपर्यंत त्यांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. तेव्हा लोक म्हणाले, वकिलांनीच मुलाला हट्टानं तिकडं ठेवलं, पैशासाठी. मी ऐकत होते. कुणी ठेवलं ते मला ठाऊक होतं. तिकीट चुकलं, हे ठीक. पण तार करायला मला कुणी अडवलं होतं? सात वर्षं मी त्या एका दुपारच्या पायी झोपले नाही. दूधवालीला सुना आल्या, नातवंडं झाली. ती आता मालक कवा येणार असं विचारीनाशी झाली होती. पूर्वी तिच्या त्या प्रश्नाचा मला राग यायचा. आता ती मुकाट्यानं दूध मापून जायची आणि मला वाटायचं, विचार की बाई, एकदा तरी विचार.

लढाई संपल्याच्या पुढच्या वर्षी हे आले. विमानानं आले. गिरणीनं कसल्याशा कामासाठी मुंबईला पाठवलं होतं, तिथून घरी. स्टेशनावर अर्धं गाव होतं. मी घरीच होते. दारात टांग्यातून उतरले तेव्हा टोपी काढलेली, कानशिलं पांढरी झालेली, आणि बोलण्यात मराठी शब्द शोधावे लागत होते. तीन दिवस बैठक रिकामी नव्हती. प्रत्येकाला विमानाविषयी ऐकायचं होतं. हे सांगत की जायला तीन आठवडे लागले आणि यायला अडीच दिवस. की ढगांच्या वर ऊन असतं. की इकडं येताना सूर्य रोजच्यापेक्षा लवकर मावळतो. लोक तोंडं उघडी टाकून ऐकत. मी चहा करत होते.

चौथ्या दिवशी सकाळी बैठकीत कुणी नव्हतं. मी कपबशी पुढं ठेवली आणि तिथंच उभी राहिले. म्हटलं, "त्या पत्राला मी उत्तर लिहिलं होतं."

"कुठलं पत्र?"

"नोकरीचं. ऑगस्टच्या आत कळव म्हणून लिहिलं होतं ते." आणि मग मी थांबले नाही. चारमिनारची तिकिटं, तांबडी शाई, मामंजी, तार, उंबऱ्यातल्या सासूबाई, सगळं सांगितलं. माझ्यामुळं सात वर्षं गेली, हेही सांगितलं. हे सांगायला मी सात वर्षं शब्द जुळवत होते, आणि ते पाच मिनिटांत संपलं.

हे आठवायचा प्रयत्न करत होते. कपाळाला आठ्या घालून खरोखरच शोधत होते. मग सापडलं.

"अच्छा, ते होय! अगं वेडे, तुला लिहिलं त्याच दिवशी मी गिरणीला होकार दिला होता. तुला विचारलंच नाही असं तुला वाटायला नको, म्हणून आपलं लिहिलं. तू ये म्हणाली असतीस तरी मी थोडाच येणार होतो?" आणि माझी समजूत घालावी तसे हसले. "सात वर्षं तू हे मनात ठेवलंस?"

त्यांनी ते प्रेमानंच म्हटलं. तेच मला सहन झालं नाही. चूक माझी होती तोवर त्या सात वर्षांत माझा काहीतरी हात होता. आता तोही नव्हता. मी तार केली असती, पत्र दहाव्या दिवशी पोचलं असतं, मी विमानाच्या पंखावर बसून स्वतः गेले असते, तरी काही झालं नसतं. मला रडू आलं नाही. हे समोर बसले होते, हात पुढं केला असता तर लागले असते, आणि इतकं एकटं मला मधल्या सात वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

"चहा अजून आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं आणि आत गेले. तेवढ्यात बाहेर कुणीतरी आलं. मी चहा गाळत होते आणि हे त्या माणसाला सांगत होते की कराचीहून मुंबईला आता अवघे चार तास लागतात.